मोठ्या देहाचा हिशेब

नोएडाहून ग्रेटर नोएडाकडे जाताना, यमुनेच्या बाजूला जिथे अजून टॉवर उभे राहिलेले नाहीत, तिथल्या उंच गवतात नीलगाई चरताना दिसतात. सुरजपूरच्या पाणथळीतही त्या भेटतात. विदर्भातून किंवा मराठवाड्यातून इकडे नोकरीला आलेल्या माणसाला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. गावाकडची ती रोही. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी दीड मीटरपर्यंत उंच आणि वजनाने दोनशे किलोच्या पुढे. आशियातल्या कुरंगांत, म्हणजे दरवर्षी शिंगे न गाळणाऱ्या हरणांत, याहून मोठे कोणी नाही. या भागात मोकळा हिंडणारा सर्वांत मोठा वन्य प्राणीही हाच.

दुसऱ्या टोकाला चिचुंद्री. सोसायटीच्या तळमजल्यावर, गटाराच्या जाळीपाशी, रात्री भिंतीला लागून चिकचिक करत पळणारी. वजन पन्नास-साठ ग्रॅम. तिच्याच प्रजातीतली एट्रुस्कन चिचुंद्री तर जेमतेम दोन ग्रॅमची असते, आणि वजनाच्या हिशेबाने जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी तीच आहे.

रोही आणि नोएडातली चिचुंद्री यांच्या वजनात साधारण चार हजार पटींचा फरक आहे, आणि दोघींचे मूळ एकाच लहानशा पूर्वजात. मग एक वाढत का गेली आणि दुसरी लहानच का राहिली? शाळेच्या पुस्तकातले घोड्याच्या उत्क्रांतीचे चित्र आठवा: डावीकडे कोल्ह्याएवढा पूर्वज, मग थोडा मोठा, मग त्याहून मोठा, आणि उजवीकडे आजचा उमदा घोडा. त्या चित्राने आपल्या मनात पक्के केले की काळ पुढे सरकला की देह मोठा होतो. चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग कळायला भारतीय उपखंडाइतकी चांगली जागा फार थोडी असेल.

नोएडाच्या जमिनीत मात्र उत्तर मिळत नाही. १९७६ साली वसवलेले हे शहर गंगा-यमुनेच्या दुआबातल्या गाळावर उभे आहे. पायासाठी कितीही खोल खणले तरी वाळू, चिकणमाती आणि कंकर. उत्तर आहे उत्तरेला, शिवालिकच्या टेकड्यांत. तिथवर नेणारा धागा मात्र नोएडातल्या नळातूनच निघतो. इथे बऱ्याच सेक्टरांत 'गंगाजल' येते, ते वरच्या गंगा कालव्याचे पाणी. १८५४ साली सुरू झालेल्या त्या कालव्याचा कर्ता प्रोबी कॉटली. त्याआधी तो यमुनेच्या पूर्वेकडच्या दुआब कालव्यावर होता, आणि याच नोकरीच्या काळात त्याला शिवालिकमध्ये हाडांचे दगड झालेले अवशेष मिळू लागले. सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख, डॉक्टर ह्यू फाल्कनर, त्याच्या जोडीला आला. १८३०च्या दशकात या दोघांनी हत्ती, पाणघोडे, जिराफ, उंट, घोडे, माकडे आणि प्रचंड कासवे यांचे अवशेष ढिगाने जमवले. जिराफाच्या कुळातल्या एका धिप्पाड, फाकलेल्या शिंगांच्या जनावराला त्यांनी शिवाथेरियम नाव दिले, आणि जवळजवळ एकमेकांना चिकटलेले लांबच लांब सुळे असलेल्या हत्तीवर्गीयाला स्टेगोडॉन गणेसा. १८३७ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेने दोघांना वोलस्टन पदक दिले. आज हिमाचलात नाहनजवळ सुकेती इथे याच टेकड्यांत जीवाश्म उद्यान आहे आणि त्या प्राण्यांच्या पूर्णाकृती प्रतिमा तिथे उभ्या आहेत. दिल्ली परिसरातल्या शाळांनी मुलांची एक तरी सहल तिकडे न्यायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

शिवालिकचे थर म्हणजे जुन्या नद्यांचा गाळच. यमुना आज नोएडाच्या कडेला जे टाकते आहे, तेच त्या काळच्या नद्यांनी टाकले, आणि हिमालय सरकताना तो गाळ उचलला जाऊन टेकड्या झाल्या. जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख वर्षांचे सलग दप्तर त्यात आहे. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर या दप्तराच्या तळाशी, सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या थरात, इओट्रॅगस नावाचे एक चिमुकले शिंगाळ जनावर मिळते. नीलगाईच्या घराण्याच्या फार जवळचे ते मानले जाते. आकाराने आजच्या चौशिंग्याएवढे किंवा त्याहूनही लहान. वरच्या थरांत येत येत सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीपर्यंत आले की याच घराण्यातले सेलेनोपोर्टॅक्ससारखे नीलगाईच्या तोडीचे प्राणी दिसू लागतात. म्हणजे पुस्तकातले घोड्याचे चित्र इथेही काढता येईल.

पण मग चौशिंगा कुठे बसवायचा? नीलगाईचा आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक तोच. ताडोबात, मेळघाटात तो आहे आणि त्याचे वजन वीस किलोच्या आसपास आहे. तोही या घराण्याचा आजचाच वारस आहे. मागे राहून गेलेला आजोबा नव्हे. एका शाखेने देह वाढवला, दुसरीने नाही, आणि दोन्ही टिकल्या. उलट मधल्या काळातले कितीतरी मोठे भाऊबंद संपले. सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीपासून शिवालिकच्या परिसरातली झाडी हटून उष्ण प्रदेशातले गवत पसरत गेले. माती आणि दातांमधल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून हे स्पष्ट वाचता येते. त्या बदलात या घराण्याचा मोठा भाग नाहीसा झाला. देह मोठा असूनही त्यांना तग धरता आला नाही.

वंश पुढे सरकताना देह वाढत जातो, या कल्पनेला एकोणिसाव्या शतकातल्या एडवर्ड कोप या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञाच्या नावावरून 'कोपचा नियम' म्हणतात. १९९८ मध्ये जॉन ऑलरॉय यांनी उत्तर अमेरिकेतल्या जीवाश्म सस्तनांची मोठी यादी तपासली, तेव्हा एकाच प्रजातीतल्या नव्या जाती जुन्यांपेक्षा सरासरीने सुमारे ९ टक्के मोठ्या निघाल्या. म्हणजे कल अस्सल आहे. त्याचे मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण त्याआधीच, १९७३ मध्ये, स्टीव्हन स्टॅनली यांनी दिले होते. नवे घराणे बहुधा लहान देहाच्या पूर्वजापासून सुरू होते. खाली जायला फारशी जागा नसते. वर भरपूर असते. तेव्हा शाखा कुठल्याही दिशेने फुटल्या तरी काळाच्या ओघात वरची बाजू भरत जाते. सरासरी वाढते, कमाल आकार तर झपाट्याने वाढतो, पण बहुसंख्य जाती खालीच राहतात. आजच्या सुमारे साडेसहा हजार सस्तन जातींपैकी निम्म्याहून अधिक उंदीर-खारींच्या वर्गातल्या आणि वटवाघळे आहेत. सस्तनांचे जग आजही लहानांचेच आहे.

खाली जायला जागा का नसते, हे चिचुंद्रीला विचारावे. देहाची लांबी दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि घनफळ आठपट. उलट्या दिशेने गेले तर लहान देहाला घनफळाच्या मानाने कातडी फार होते, आणि गरम रक्ताच्या प्राण्याची ऊब त्या कातडीतून सतत निसटते. एट्रुस्कन चिचुंद्रीचे हृदय मिनिटाला हजाराहून अधिक ठोके टाकते. तिला जवळजवळ सारखे खात राहावे लागते. दोन ग्रॅमच्या खाली हा व्यवहार जमत नाही.

वरच्या बाजूचा फायदाही याच गणितात आहे. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवले की प्राण्याचे वजन दहापट झाले तरी त्याला लागणारी ऊर्जा दहापट होत नाही, साधारण साडेपाच पटच होते. किलोमागे पाहिले तर मोठा प्राणी काटकसरी. शिवाय त्याचे पोट मोठे, अन्न आत जास्त वेळ राहते, म्हणून निकस, राठ चाऱ्यातूनही तो सत्त्व काढतो. चौशिंगा कोवळे शेंडे आणि फळे वेचत फिरतो. रोहीला मात्र जाडेभरडे गवत, बाभळीचा पाला, शेतातला गहू, काहीही चालते. उन्हाळ्यात दुआब भाजून निघाला तरी ती तग धरते ती या पोटाच्या जोरावर.

आता थोडे मागे जाऊ, महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला. गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमचे जीवाश्म उद्यान आहे, आणि तिथून पलीकडे तेलंगणात, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, कोटा नावाचा जुरासिक काळातला थर पसरला आहे. या थरातून सुमारे चौदा मीटर लांबीचा बारापासॉरस हा डायनोसॉर निघाला. त्याच थरातून कोटाथेरियम या सस्तनाचे इवलेसे दातही निघाले. जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या नावाने या जातीचे नाव ठेवले आहे. एकाच मातीत दोघे. सस्तन प्राणी डायनोसॉरांनंतर आले, हा समज खोडायला एवढे पुरेसे आहे. ते त्यांच्याबरोबरच होते, दहा कोटींहून अधिक वर्षे, आणि एवढा सगळा काळ ते बहुतांशी उंदीर-चिचुंद्रीच्या मापाचे राहिले. त्यातला दांडगा म्हणावा असा चीनमधला रेपेनोमॅमस, तोही बारा-चौदा किलोंचा.

दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हाही हीच स्थिती. १९८८ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी तेलंगणातल्या नासकल इथे, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळातून, भारतातला क्रिटेशस काळातला पहिला सस्तन प्राणी जगापुढे आणला. त्याचे नाव डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी, आणि त्यातला हिस्लोप म्हणजे नागपूरचा स्टीफन हिस्लोप. हिस्लोप कॉलेज ज्याच्या नावाने आहे, तोच हा धर्मोपदेशक आणि हौशी भूशास्त्रज्ञ. त्याच्या नावाचा हा प्राणी मुठीत मावेल एवढा होता.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उल्का आदळली आणि मोठे डायनोसॉर संपले. त्यानंतर काय झाले याची फार तपशीलवार नोंद अमेरिकेत कोलोराडोतल्या कोरल ब्लफ्स इथे मिळाली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. एका लाख वर्षांत तिथल्या सस्तनांचा कमाल आकार आपत्तीपूर्वीच्या मापावर परत आला. तीन लाख वर्षांत तो तिप्पट झाला. सात लाख वर्षांच्या सुमारास पुन्हा उडी आली, आणि नेमक्या त्याच वेळी शेंगा धरणाऱ्या वनस्पती पहिल्यांदा दिसू लागतात. म्हणजे मैदान मोकळे होणे एवढेच कारण नव्हते. ताटात पौष्टिक काही पडणेही तितकेच महत्त्वाचे होते. पुढचे चित्र फेलिसा स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जगभरातली माहिती एकत्र करून काढले. दर खंडावर, वेगवेगळ्या घराण्यांत, कमाल आकार आधी वेगाने चढत गेला आणि सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीनंतर थबकला. जमीन जितकी विस्तीर्ण आणि हवामान जितके थंड, तितका कमाल देह मोठा, असे त्यांना आढळले. या चढाच्या माथ्यावरचे एक नाव आपल्या उपखंडातले आहे: बलुचिस्तानातल्या बुगती टेकड्यांत सापडलेला बिनशिंगी गेंडा, पॅरासेराथेरियम. त्याचे वजन पंधरा टनांच्या घरात होते. गाय पिलग्रिम यांनी १९०८ मध्ये त्याची पहिली नोंद केली. समुद्रात ही मर्यादा आणखी पुढे सरकली, कारण तिथे देहाचा भार पाणी उचलते. आजचा निळा देवमासा हा पृथ्वीवर आजवर झालेल्या प्राण्यांतला सर्वांत वजनदार ठरतो, आणि देवमाशांचे हे अजस्र रूप गेल्या सुमारे तीस लाख वर्षांतलेच आहे.

थंडीचा उल्लेख आला, तेव्हा उष्णतेचेही पाहू. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी भराभर तापली. त्या काळात अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये सिफ्रहिप्पस हा मांजराएवढा आद्य घोडा होता. तापमान चढत असताना सुमारे १ लाख ३० हजार वर्षांत त्याचा देह जवळजवळ तीस टक्क्यांनी घटला, आणि हवा निवली तसा पुन्हा वाढला. दातांच्या मापावरून २०१२ मध्ये हे दाखवण्यात आले. आपल्या पुस्तकातल्या चित्रात हा उतार कधीच दाखवलेला नसतो. घोड्या-गेंड्यांच्या मूळ पुरुषाच्या जवळचा एक प्राणी आपल्याकडे सुरतजवळच्या वस्तान लिग्नाइट खाणीत सापडला आहे, कॅम्बेथेरियम. तो साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा, मेंढीच्या आसपासच्या मापाचा.

देह किती लवकर वाढतो आणि किती लवकर घटतो, याची मोजणी २०१२ मध्ये अॅलिस्टर इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी केली. जमिनीवरच्या सस्तनाचे वजन शंभरपट व्हायला किमान १६ लाख पिढ्या लागतात, हजारपट व्हायला ५० लाखांहून अधिक. उंदराच्या मापापासून हत्तीच्या मापापर्यंत जायचे तर सुमारे दोन कोटी चाळीस लाख पिढ्या. घट मात्र याच्या दहापटीहून अधिक वेगाने होऊ शकते. वर चढायला युगे आणि उतरायला थोडाच काळ, ही विषमता मला या साऱ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

घटीचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा फाल्कनरकडेच घेऊन जाते. भारतातून परतल्यावर तो भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरच्या बुटक्या हत्तींच्या मागे लागला. सिसिली आणि माल्टावरच्या अशाच एका हत्तीला पुढे त्याचेच नाव मिळाले, पॅलिओलॉक्सोडॉन फाल्कनेरी. उंची मीटरभर, वजन मोठ्या रोहीएवढे. बेटावर चारा मोजका आणि वाघ-सिंहांची भीती नाही, तेव्हा मोठ्या देहाचा खर्च परवडेनासा झाला आणि तो उतरत गेला. त्याच प्रजातीतला पॅलिओलॉक्सोडॉन नॅमॅडिकस हा नर्मदेचा हत्ती. त्यालाही नाव देणारे फाल्कनर आणि कॉटलीच. मांडीच्या हाडाच्या एका तुकड्यावरून त्याचे वजन बावीस टनांपर्यंत असावे, असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. एका तुकड्यावरचा अंदाज म्हणून तो जपूनच घ्यायला हवा. पण खरा असेल तर आजवरचा सर्वांत मोठा भूचर सस्तन प्राणी भारतात होऊन गेला. हा हत्ती महाराष्ट्रातही होता. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात त्याचे अवशेष मिळाले आणि १९०५ मध्ये पिलग्रिम यांनीच त्याची नोंद केली. लातूर भागात मांजरेच्या काठावर डेक्कन कॉलेजच्या विजय साठे यांनी हत्तींबरोबर पाणघोड्यांचेही अवशेष शोधले. मांजरेत पाणघोडे डुंबत होते, हे आजच्या लातूरकराला सांगून खरे वाटणार नाही.

ते गेले कुठे? अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातल्या गेल्या पन्नासेक हजार वर्षांतल्या नोंदी तपासल्या. नर्मदेचा हत्ती, स्टेगोडॉन, पाणघोडा आणि एक रानघोडा असे चार मोठे प्राणी या काळात संपले. हे नामशेष होणे सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीपासून, माणूस इथे येऊन स्थिरावल्यानंतर सुरू झाले. तरीही अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाच्या मानाने इथले नुकसान कमी. हत्ती, गेंडा, गवा, वाघ राहिले. माणसाच्या पूर्वजांशी इथल्या प्राण्यांचा लाखो वर्षांचा सहवास होता, त्यामुळे ते सावध राहायला शिकले असावेत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

मोठा देह इथे आड येतो तो पिढीच्या लांबीमुळे. रोहीची मादी आठ महिन्यांत विते आणि तिला बऱ्याचदा जुळे होते. म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या शहराच्या कडेलाही ती टिकून आहे. हत्तिणीचा गर्भ बावीस महिन्यांचा, पिल्लू एक, आणि दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचे अंतर. अशा प्राण्याची वर्षाला थोडीशी जरी जास्तीची मर झाली तरी कळप भरून निघत नाही. फेलिसा स्मिथ यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला तो असा: माणूस जिथे जिथे पोहोचला तिथे तिथे मोठे सस्तन आधी गेले, आणि हेच चालू राहिले तर दोनेकशे वर्षांत जमिनीवरचा सर्वांत मोठा सस्तन प्राणी नऊशे किलोंची पाळीव गाय असेल. चार कोटी वर्षांत कमाल देह इतका खाली कधी आलेला नाही.

अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त रानटी हत्ती कुठे कुठे मिळतात याची यादी आहे. त्यात आग्रा सुभ्यातल्या नरवरच्या रानांपासून वऱ्हाडापर्यंतचा पट्टा येतो. नोएडापासून हे काही फार दूर नाही, आणि वऱ्हाड तर आपलेच. सव्वाचारशे वर्षांत त्या पट्ट्यातून हत्ती पूर्ण गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मात्र छत्तीसगडमधून वीस-पंचवीस रानटी हत्तींचा एक कळप गडचिरोलीत उतरला आणि तिथेच रेंगाळला. धानाची नासाडी झाली, माणसेही दगावली. त्या गावांची भीती खरी आहे आणि नुकसानीची भरपाई त्यांना वेळेवर मिळालीच पाहिजे. एका प्रौढ हत्तीला दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा लागतो. तो पुरवणारे सलग जंगल त्या जिल्ह्यात अजून आहे, आणि छत्तीसगडकडे जाणारी वाटही अजून खुली आहे.